कंपनीने दिलेला धागा

नरोलीच्या ज्या चाळीत मी लहानाची मोठी झाले, तिथे आता चपला बाहेर काढून आत जावं लागतं. आम्ही राहत होतो तेव्हा चपला बाहेर ठेवल्या तर सकाळी मिळायच्या नाहीत.

धागा बनवणाऱ्या कंपनीने नवं युनिट बांधायला चाळमालकाकडून जागा घेतली, मागच्या खोल्या पाडल्या आणि रस्त्याकडच्या चार ठेवल्या. त्यांना पिवळा रंग दिला, एसी बसवले आणि कामगारांच्या जुन्या घरांचं संग्रहालय म्हणून उघडून टाकलं. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना बघायला बोलावलं होतं. आईने आमची बाज दिली होती. मला न विचारता.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. सिल्वासाला शाळेत मराठी शिकवते. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण ती पदवी मी त्याच बाजेवर मांडी घालून मिळवली आहे. संग्रहालयात जायचं मात्र माझ्या मनात नव्हतं. आपण जिथून बाहेर पडायला आयुष्य घातलं, तिथे हौसेने आत कसलं जायचं? पण आई सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून दारात बसली होती.

आत गेलो. पहिल्या खोलीत स्टोव्ह, पितळी हंडा आणि ताटलीत प्लास्टरची चपाती. गोल, गोरी, गुळगुळीत. आम्ही खानदेशातून आलेली माणसं, आमच्याकडे कळण्याची भाकरी असायची आणि ती अशी ताटलीत पडून राहत नसे. सिमेंटच्या पत्र्याखाली मे महिन्यात अंगाची जी लाहीलाही व्हायची, तिचं काय केलंय म्हणून वर पाहिलं, तर छताला लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. एक जोडपं सेल्फी काढत होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "किती क्यूट आहे ना? अशी एक रूम आपण फार्महाऊसवर करू."

"आम्ही सहा जण होतो या क्यूटमध्ये," मी म्हणाले.

ती हसली. मी हसले नाही.

दुसऱ्या खोलीत आमची बाज होती. चारी बाजूंनी दोरी, वर दिवा. आईने बघितलं आणि सरळ दोरीखालून वाकून पायाकडची वीण चाचपली. "ढिली पडेल आहे. ओढाले पाहिजे."

"आजी, टच नहीं करने का!" गाईड धावत आला. कोट घातलेला तरुण, गळ्यात ओळखपत्र.

"अरे भाऊ, माझीच आहे."

"आपकी थी, आजी. अब म्युझियम की है."

त्या बाजेचा धागा कुठून आला ते सांगते. आई आणि वडील दोघं याच कंपनीत होते. वडील मशीनवर, आई पॅकिंगला. मशीनवर धागा तुटला की बॉबिनवर थोडा उरतो. त्याला वेस्टेज म्हणतात. त्याची पोतीच्या पोती भंगारात जायची, पण कामगाराने वीतभर नेला तर ती चोरी. आई तो कमरेला, परकराच्या आत गुंडाळून आणायची. बायकांना तपासायला त्या गेटवर बाई नव्हती. निळा, किरमिजी, पिवळा, ज्या आठवड्यात जो रंग मशीनवर, तो आमच्या बाजेत.

एकदा कमरेला मावला नाही म्हणून तिने उरलेल्या धाग्याची गुंडी वडिलांच्या जेवणाच्या डब्यात कोंबली. त्यांना न सांगता. नेमके त्या दिवशी वॉचमनने डबे उघडायला लावले. वडिलांनी गुंडीकडे बघितलं, मागे रांगेत उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि म्हणाले, "माझीच आहे." तीन दिवस गेटच्या बोर्डावर कागद होता. वडिलांचं नाव, टोकन नंबर आणि पुढे एकच शब्द, चोरी. ते कामावरून गेले. नंतर राखोलीच्या एका युनिटात लागले, पण मरेपर्यंत त्या गेटसमोरून चालले नाहीत. बाजाराला जायचं तरी शेतांतून फिरून जायचे. आई मात्र त्याच गेटातून पुढे कित्येक वर्षं आत गेली. घर चालवायचं होतं.

आता बाजेशेजारी पितळेची पाटी होती. हिंदी, गुजराती, मराठी. मी मराठी वाचली. "कंपनी आपल्या कामगारांना उरलेला धागा घरगुती वापरासाठी भेट देत असे. त्या धाग्यातून एका कामगार महिलेने विणलेली ही बाज." खाली कंपनीचं चिन्ह.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाईडला विचारलं, "ही पाटी कोणी लिहिली?"

"मॅडम, ए तो उपरथी आवे. हेड ऑफिस."

"मग वर कळवा, की ही खोटी आहे."

"अभिप्रायाची वही आहे, मॅडम. तिथे लिहा."

मी तरातरा टेबलापाशी गेले. पेन घेतलं आणि लिहिलं, "ही पाटी धडधडीत खोटी आहे. हा धागा कंपनीने दिलेला नसून" आणि तिथे अडकले. पुढचा शब्द 'चोरलेला' होता आणि आई शेजारी येऊन उभी होती. तिला वाचता येत नाही, पण माझा हात कधी रागाने चालतो ते कळतं.

"काय लिहितेस?"

मी पाटीवरचं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "हे खोडायला सांगतेय."

"खबरदार! मीच सांगेल आहे त्यायले."

"तू? कंपनीने धागा दिला म्हणून?"

"मग! ते पोरगं आलं घरी बाज न्यायला. विचारे, आजी, धागा कुठला? म्हटलं, कंपनीनं देल. त्यानं लिहून घेतलं."

"अगं, पण खोटं कशाला?"

"वा गं शिकेल बाई! खरं सांगते अन् इथंबी चोरच लिहून घेते, नाही का? गेटवर कागद कोणी लावेल होता?"

"कंपनीने."

"अन् ही पाटी?"

मी पाटीखालचं कंपनीचं चिन्ह पुन्हा पाहिलं.

"तो कागद होता, तीन दिवसांत फाटला. ही पितळेची आहे. मी बोट फिरवून पाहिलं, अक्षरं कोरेल आहेत."

मला ते पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. मी तिला मोठ्याने म्हटलंही, लोक बघत होते तरी. "उद्या माणसं वाचतील, काय दिलदार कंपनी होती! यात भलं त्यांचंच होतंय."

"होऊ दे. त्यायचं भलं कधी थांबेल होतं? तुझ्या बापाचं नाव साफ कर."

पोरांनी वहीत खाडाखोड केली की मी गुण कापते. त्या दिवशी मी स्वतःचं वाक्य आडव्या रेघा मारून खोडलं आणि खाली लिहिलं, "कंपनीने हा धागा ज्या कामगाराला दिला, त्याचं नाव पाटीवर नाही. ते घालावं." वडिलांचं नाव लिहिलं. टोकन नंबर मला आठवेना. आईने सांगितला, न अडखळता.

गाईडने वही फिरवून वाचलं. "हे आपल्या कंपनीचे होते?"

"तुमच्या गेटवर नाव लागलं होतं त्यांचं," मी म्हणाले. "तीन दिवस."

"अरे वा! बेस्ट वर्कर?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "हो."

परत निघताना ती रिक्षात बसली नाही. कंपनीच्या त्याच गेटसमोरच्या रस्त्याने, मधोमध, चालत आली. मी मागे.

पाटी अजून बदललेली नाही. हेड ऑफिसला पाठवलंय, असं उत्तर असतं. मी दर महिन्याला जाते, चपला काढते आणि वहीत तेच वाक्य, तेच नाव, तोच नंबर लिहिते. आता मला पाहिलं की गाईड पेनाचं टोपण काढून वही पुढे करतो.