डोरल्याच्या दोन वाट्या

माझ्या बाबांचा साऱ्या जगावर विश्वास होता, फक्त सोनारावर नव्हता. माझ्या लग्नाचं डोरलं करायचं ठरलं तेव्हा ते शिदोरी बांधून नाचणगावहून पुलगावला गेले आणि सोनाराच्या शेगडीपुढे सकाळपासून मांडी घालून बसले. तेव्हा आमच्याकडे रीतच तशी होती. आपलं सोनं आपल्या डोळ्यांदेखत वितळायला हवं. सोनाराने परोपरीने समजावलं, की शंभर नंबरी सोनं फार मऊ असतं. वाट्या करू, पण त्यांच्या कड्यांत तरी थोडं तांबं मिसळू द्या, नाहीतर दोऱ्याने झिजतील. बाबांना वाटलं, तांबं घालायच्या निमित्ताने हा सोनं काढणार. त्यांनी गुंजभरही तांबं घालू दिलं नाही. वर पुन्हा, लेकीला निव्वळ सोनं घातलं, म्हणून नातलगांत सांगत फिरले. त्याचा ताठा मलाही होता, खोटं कशाला बोलू.

सासर समुद्रपूरकडचं. सासूबाईंचं डोरलं गिन्नीच्या सोन्याचं, तांब्याने लालसर. माझं हळदीसारखं पिवळं. चुलीपाशी शेजारी बसलो की माझी नजर त्यांच्या गळ्याकडे जायची आणि आपलंच उजवं वाटायचं.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी कापूस वेचून घरी आले, गळ्याला हात लावला, तर एकच वाटी. दुसरीची कडी झिजून तुटली होती. डोरलं तुटलं असं आमच्यात म्हणतही नाहीत, वाढलं म्हणतात. त्यात आमच्या घरचे कापसाची गाडी घेऊन हिंगणघाटला गेलेले. वाटेत त्यांचं काही बरंवाईट झालं तर, या विचाराने मी तशीच सासूबाईंकडे धावले. सासूबाईंना सांगताना तर रडूच फुटलं, कारण लेक त्यांचा होता.

आम्ही दोघींनी त्या दिवशीचा सगळा कापूस उसकटून पाहिला. वाटी सापडली नाही. मग सासूबाईंनी दार लोटलं, आपल्या गळ्यातलं डोरलं सोडलं आणि दोन लाल वाट्यांतली एक काढून माझ्या दोऱ्यात ओवली.

"माह्या लेकाची काळजी मलेही आहे," त्या म्हणाल्या. "पण सोन्यानं माणूस येत नाई अन् जात नाई. डोळे पूस."

स्वतःचं अर्धं सौभाग्य काढून दिलं बाईंनी, आणि लगेच भाकरी थापायला बसल्या. त्यांच्या सोन्याला मी मनात कमी लेखलं होतं, याची मला फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी आमच्या घरचे आले ते बैलांच्या नावाने कुरकुरतच. माझ्या गळ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढे थंडीत, एका दुपारी, सासूबाई देवाच्या वातींसाठी घरच्या कापसातली सरकी काढत होत्या. त्यांच्या बोटांना ती वाटी लागली. दोन्ही पिवळ्या वाट्यांना तांबं घातलेल्या नव्या कड्या बसवून घेतल्या. त्यांची लाल वाटी मी परत करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. तुही एक माह्यापाशी, माही एक तुह्यापाशी." आणि माझी पिवळी वाटी त्यांनी आपल्या दोऱ्यात ओवून टाकली.

संक्रांतीला बाबा तिळगूळ घेऊन आले. सासूबाई त्यांना वाढायला वाकल्या तेव्हा बाबांना आपलं सोनं विहिणीच्या गळ्यात दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. बाबा खाली मान घालून जेवले. निघताना अंगणात वहाणा घालता घालता म्हणाले, "त्या दिवशी सोनारापुढून जरा उठाले पायजे होतं मले. तांबं तरी घातलं असतं त्यानं."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढत त्या आतूनच म्हणाल्या, "बरं झालं व्याहीबुवा, नाई उठले थे."