दह्याच्या नावावर

हे मी निखिललाही सांगितलेलं नाही. निखिल माझा नवरा — आणि ज्यांच्याबद्दल सांगतेय, त्या त्याच्या आई. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला आल्या, तेव्हा त्यांनी दत्ताची मूर्ती सोबत आणली. संगमरवरी, वीतभरही नाही. त्यांच्या आईकडून त्यांना मिळालेली. रोज आंघोळ, गुरुवारी पंचामृत — चाळीस वर्षं चुकलं नव्हतं. इथलं पाणी जड. महिन्याभरात किटलीत बसतो तसा पांढरट थर मूर्तीवरही बसला. "देव मळकट दिसतो गं," त्या एकदा म्हणाल्या. तक्रार नव्हती ती. मला मात्र तक्रार वाटली.

एका शनिवारी निखिल त्यांना शॉपिंग सेंटरला घेऊन गेला. मी सिंकखालच्या कपाटातून किटली साफ करायचं डीस्केलर काढलं, वाडग्यात ओतलं — पाणी न घालता — आणि मूर्ती त्यात ठेवली. बुडबुडे आले. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी वर गेले.

मी औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. रसायनशास्त्रात एमएससी. थर कॅल्शियम कार्बोनेटचा, संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. आम्लात — आणि डीस्केलर म्हणजे आम्लच — मात्र कार्बोनेटचा वायू होऊन उडून जातो आणि कॅल्शियम पाण्यात उतरतं. थर कुठला, देव कुठला — आम्लाला काय कळणार? हे मला कळत नव्हतं? कळत होतं. दोन मिनिटांत काढू, असं ठरवलं होतं. फोन तासाभरापेक्षा जास्त चालला.

खाली आले तेव्हा बुडबुडे मंदावले होते. मूर्ती धुतली. तिन्ही चेहरे सपाट झाले होते. नाकं नाहीत, डोळे नाहीत. बोटाला खडीसाखरेसारखं खरखरीत लागलं. मी ती पुसली, जागेवर ठेवली, पुढ्यात फुलं जास्त घातली.

सकाळी आईंनी फुलं काढली. मग मला हाक मारली. "हे काय झालं गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्या रागावल्याही नसत्या बहुतेक. मी म्हणाले, "आई, दह्यात आम्ल असतं. वर्षानुवर्षं पंचामृत घातलं की संगमरवर झिजतो. इथल्या थराखाली दिसत नव्हतं, तो मी काल पुसून काढला म्हणून आता दिसलं." वाक्य कुठेही अडखळलं नाही.

"म्हणजे माझ्याच हातानं?"

"तुमची काही चूक नाही," मी म्हणाले. किती समजूतदारपणे म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "इट्स ग्रँड, आई, काही बिघडत नाही. नवी आणू." त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी त्या मूर्तीला पाणी लावलं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायच्या, तेही चेहरे सोडून.

जाताना त्या मूर्ती घेऊन गेल्या. नागपूरला, निखिलच्या मावशी सांगतात, कुणी विचारलं की त्या म्हणतात, "माझ्या हातानं गेलं देवाचं रूप. शिकलेल्या सुनेमुळे कळलं तरी." गुरुवारचं पंचामृत बंद आहे. पितळेच्या बाळकृष्णालाही घालत नाहीत.

दही थोडंफार झिजवत असेलही. हे वाक्य मी स्वतःला बऱ्याचदा ऐकवलंय. त्यानं काही होत नाही — बरंही वाटत नाही, वाईटही.

आई अजून आहेत. दर रविवारी आमचा फोन असतो. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "नुसत्या पाण्यानं आंघोळ घातली तर चालेल ना गं? तुला त्यातलं कळतं."

मी म्हणाले, "चालेल, आई."