जमिनीला टेकलेली गाडी

धाकट्या भावाने घरची लांबलचक गाडी स्प्रिंगा कापून पार जमिनीलगत बसवून आणली. म्हणे, ऐटदार दिसते. दिसत असेल, आत बसलेल्याच्या मणक्याला मात्र रस्त्यातला खडा न् खडा कळतो. काल तर प्रत्येक गतिरोधकाआधी तो थांबायचा. "आई, जरा उतरा ना दोघं, खालून घासेल." मीही उतरायचे नि आईकडे बघायचे. आई गुडघा धरून उतरायची, गाडी अलगद पलीकडे जायची, मग आई लंगडत जाऊन पुन्हा बसायची. मला शिसारी आली. माणसांच्या आरामासाठी आणलेल्या वस्तूला माणसंच जड व्हावीत! चौथ्या गतिरोधकाला आई उतरली ती बसलीच नाही.

"तू हो पुढे, मी येते चालत," ती म्हणाली. "उगाच गाडीला त्रास नको."

आणि हे ती चिडून नाही, काळजीने म्हणाली.