ओळखलेली घोणस

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. जळगावला खोली घेऊन राहायचो. गाव रावेरकडचं, केळीवाल्यांचं. मला कॉलेजात घालावं असं घरात एकट्या आबांना वाटलं होतं. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. डॉक्टरकीला जाण्याइतके गुण मला पडले नाहीत, हे त्यांना मी समजावून सांगितलं, पण त्यांच्या ते गळी उतरलं नाही.

"बेडूक फाडता ना तुम्ही?" ते म्हणाले. "मग माणूस किती लांब राह्यला?"

गावात ते मला डाक्टरच म्हणत. त्यांचं ऐकून बाकीचेही म्हणत. कुणी जीभ काढून दाखवी, कुणी पोरीची खरूज. मी सरळ सांगायचो, मला यातलं काही येत नाही. लोकांना तो माझा विनय वाटे.

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. सकाळी आबा बागेत केळीची पिलं, बुंध्याशी फुटलेले कोंब, कापत होते. वाळक्या पानांत हात घातला आणि मनगटाला काहीतरी डसलं. बरोबर काम करणाऱ्या सालदाराने काठीने साप मारला आणि काठीवर लोंबता घेऊनच अंगणात आला. मागून आबा चालत आले, हात धरून, अगदी शांत.

"अजगराचं पिल्लू आहे," सालदार म्हणाला. "याले जहर नसतं."

वडील माझ्याकडे वळले. "पाह्य रे. जहरी आहे का?"

साप ओळखायला आम्हाला महिन्याभरापूर्वीच शिकवलं होतं. सरांनी बरण्यांतले साप ताटलीत काढून एकेकाच्या हाती दिले होते. डोक्यावर मोठे खवले असतील तर पुढे ओठाकडचे तपासायचे. बारीक खवले असतील तर पुढे बघायची गरज नाही, साप जहरीच. मी काडीने डोकं सरळ केलं. बारीक खवले होते. पाठीवर साखळीसारखे ठिपके.

"घोणस आहे," मी म्हणालो. "जहरी आहे."

मग वडिलांनी विचारलं, "तुह्याकडे औषध आहे का काही?"

"माझ्याकडे कुठलं? जळगावला न्यावं लागेल, दवाखान्यात. तिथं लस असते."

तोवर माणसं जमली होती. म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की पलीकडच्या गावचा भगत इतक्यांचं जहर उतरवतो, आधी त्याच्याकडे न्यायचं. मी पुन्हा पुन्हा जळगाव म्हणत राहिलो. कुणी मला अडवलं नाही आणि कुणी ऐकलंही नाही. वडिलांनी गाडी जुंपली ती भगताच्या रस्त्याला.

भगताने कडुलिंबाच्या डहाळ्या फिरवल्या. दुपारपर्यंत आबांचा हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ते बघून भगतच म्हणाला, "हे माह्या हातातलं नाही. दवाखान्यात न्या." स्टेशनवर पोचलो तर पॅसेंजर निघून गेली होती. पुढच्या गाडीने जळगावला आलो तेव्हा दिवे लागले होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी लगेच लस दिली. सकाळी रक्त थांबलं, सूजही वर चढेना. आबा उठून बसले, चहा मागितला. वडील निश्चिंत झाले आणि केळीला पाण्याची पाळी होती म्हणून गावी गेले.

मग डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "काय शिकता?"

"प्राणिशास्त्र."

"मग तुम्हाला कळेल. त्यांना आल्यापासून लघवी झालेली नाही."

मला कळलं. रक्त का थांबलं, जहर मूत्रपिंडात कुठे जाऊन बसलं असेल, सगळं कळलं. "यावर काही?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "वाट बघायची. कधीकधी आपोआप सुरू होते."

वाट बघणं सुरू झालं. खाटेखाली काचेचं भांडं होतं. आबा लाजायचे, मला पाठ करून उभं राहायला सांगायचे. मी भिंतीकडे तोंड करून कान देऊन उभा राहायचो. काही ऐकू यायचं नाही. एकदा मी वॉर्डाबाहेरची तोटी सोडून ठेवली आणि तान्ह्या पोराला शू करवताना आई करते तसा आवाज काढला.

आबा हसले. "मी काय पाळण्यातला आहे का रे?"

रोज सकाळी डॉक्टर यायचे, भांडं बघायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. आबांचं तोंड सुजलं, डोळे बारीक झाले. मग उचकी लागली, ती थांबेना.

"तुमच्या पुस्तकात काय लिव्हलं आहे याचं?" त्यांनी एका दुपारी विचारलं.

"होईल बरं," मी म्हणालो.

"असं लिव्हलं आहे?"

मी हो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवसापासून ते मला ओळखेनात. निरोप धाडून वडिलांना बोलावलं. ते आले त्याच संध्याकाळी आबा गेले.

दिवसकार्य झाल्यावर वडील आणि मी बागेत गेलो. पिलं अर्धवट कापायची राहिली होती. वडील बांधावर बसले.

"साप पाह्यला तेव्हाच समजलं होतं ना तुले?"

"हो."

"आन् दवाखान्यात, मी गावी आलो तेव्हा?"

"तुम्ही निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं."

"मंग मले का नाही बोलावलं तेव्हाच?"

"तुम्ही येऊन काय केलं असतं?"

"बसलो असतो," वडील म्हणाले. "तू बसला तसा."

ते रागावले नव्हते. विळा उचलून ते उरलेली पिलं कापायला लागले. मी कापलेली पिलं गोळा करून बांधावर टाकू लागलो.

"सुट्टी कधी संपते?" त्यांनी विचारलं.

"संपली. कॉलेज सुरू झालंय."

"मंग उद्याच्या गाडीनं जाय," ते म्हणाले.