सुलभाकाकूंच्या मशीनचा पट्टा

सुलभाकाकूंना सवत नव्हती. प्रोजेक्टर होता. हे त्या पाहुण्यांसमोर, भालचंद्रकाकांच्या तोंडावर सांगत. पाहुणे हसत, काका हसत. काकू चहा ओतत राहत.

काका सरकारी प्रचार खात्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गावोगाव सिनेमे दाखवणाऱ्या गाड्यांचे प्रोजेक्टर त्यांच्या हाताखालून जात. पुढे खात्याने ते भंगारात काढले. त्यातला एक काकांनी भोपाळच्या शिवाजी नगरातल्या क्वार्टरमध्ये आणला. निवृत्तीनंतर बाग सेवनिया भागात घर झालं, सामान हललं, तेव्हा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी काका बसले आणि काकांच्या मांडीवर प्रोजेक्टर. काकू मागे गाद्यांवर बसून आल्या.

दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली जाई. काका झाकण काढत. फिल्म सरकते ती फट मऊ कापडाने पुसत. ते कापड म्हणजे काकूंच्या सुती साडीचा तुकडा. नव्या फडक्याचे धागे सुटतात म्हणे. मग दातेरी चाकांवर ब्रश फिरवत, तेलाचा एकेक थेंब सोडत, मोटर चालू करून कान जवळ नेत. "काय होतंय?" असं हळूच विचारत. काकूंना ताप आला तर हाच प्रश्न दारातून विचारला जाई.

काकूंनी हात पुढे केला की काका म्हणत, "हात लावू नको. बोटांचं तेल लागतं."

"मी काय कढईतून निघालेय?"

काका ऐकत नसत. त्यांचा कान मोटरला लागलेला असे.

काकूंचंही एक मशीन होतं. त्यांचे वडील भोपाळ नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा ऑफिसाबरोबर नागपूरहून इथे आले. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये काकू वाढल्या, तिथेच शिवण शिकल्या. लग्नात वडिलांनी पायांनी चालवायचं शिलाई मशीन दिलं. शिवाजी नगरातल्या बायका ब्लाउज त्यांच्याकडेच टाकत. गळा सुलभाताईंनीच कापावा, असं म्हणत.

एकदा गाडीच्या दौऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या वर्कशॉपमधल्या एका प्रोजेक्टरचा मागचा पट्टा तुटला. हा पट्टा मागचं रीळ फिरवतो आणि दाखवून झालेली फिल्म त्यावर गुंडाळली जाते. काकांनी काकूंच्या मशीनचा चामड्याचा पट्टा काढून घेतला. "दोन दिवसांत आणून देतो," म्हणाले. मशीनवर शेजारच्या सिंधूताईंच्या मुलीचा लग्नातला ब्लाउज अर्धा शिवलेला होता.

पट्टा परत आला नाही. बाजारात तसा पट्टा कुठेही मिळाला असता. काकूंनी आणला नाही. ज्याने नेला त्याने आणावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. सिंधूताईंच्या मुलीचा ब्लाउज दुसरीकडे गेला. मग बाकीच्यांचेही गेले. मशीनवर उशा आणि गोधड्या साठल्या. लोकांना वाटलं, सुलभाताईंना शिवणाचा कंटाळा आला. खात्याने यंत्रं भंगारात काढली, तेव्हा काकांनी नेमका तोच प्रोजेक्टर निवडला. काकूंचा पट्टा घरी परत आला खरा, पण सवतीच्या पोटात बसून.

मागच्या हिवाळ्यात विनिता आली. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायची. जुन्या यंत्रांची तिला ओढ होती. शिकवाल का, म्हणाली. दुसऱ्याच रविवारी काकांनी तिच्या हातात तेलाची कुपी दिली.

काकू दारात उभ्या होत्या.

"हात हलका आहे हिचा," काका म्हणाले.

"आणि बोटांचं तेल?"

"ती पुसून घेते."

काकू आत गेल्या. पोह्यांवर शेव घालून आणली. विनिताला चहा कान तुटलेल्या कपात दिला. पुढच्या रविवारीही त्याच कपात.

विनिता वाईट नव्हती, हीच अडचण होती. ती बशा उचलून विसळून ठेवायची. "काकू, बसा ना इथं," म्हणायची. आपल्याच टेबलाशी बसायचं आमंत्रण ऐकून काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

फेब्रुवारीत मराठी मंडळाने कार्यक्रम ठरवला. जुन्या टी. टी. नगरवरची एक छोटी फिल्म कुणाच्या तरी माळ्यावर निघाली होती. ती काकांच्या प्रोजेक्टरवर, टी. टी. नगरच्याच हॉलमध्ये दाखवायची. काका हरखून गेले. आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "कार्यक्रम झाला की प्रोजेक्टर विनिता घेऊन जाईल. मला आता उचलत नाही. तिच्याकडे नीट राहील."

काकूंचा घास हातातच राहिला. सवत घरातून चालली होती. बरं वाटायला हवं होतं. पण त्यांचा पट्टा तिच्याबरोबर चालला होता, तोही त्या पोरीच्या घरी.

"मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? टेबल मोकळं करा म्हणून तूच तर डोकं खात होतीस."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काका आणि विनिता रिक्षा आणायला नाक्यावर गेले. काकूंनी प्रोजेक्टरचं झाकण उघडलं. इतक्या रविवारी लांबून बघून कुठे काय आहे ते त्यांना पाठ झालं होतं. पट्टा निघाला. काळा पडला होता, पण मऊ होता. त्याला वेळच्या वेळी तेल मिळालं होतं. त्या आतल्या खोलीत गेल्या. शिलाई मशीनवरच्या उशा खाली ठेवल्या. पट्टा वरच्या चाकाला अडकवला आणि खाली ओढला.

तो खालच्या चाकापर्यंत पोहोचला नाही. अर्ध्यावर लोंबत राहिला.

काकांनी तो कापला होता. दोन दिवसांत आणून देतो म्हणाले आणि कापला. काकू जमिनीवर बसल्या. बाहेर रिक्षा थांबली. काकांची हाक आली. काकूंनी पट्टा पर्समध्ये टाकला, प्रोजेक्टरचं झाकण लावलं आणि पदर सारखा केला.

हॉल भरला होता. काकांनी प्रोजेक्टर मांडला, झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"पट्टा नाही," ते म्हणाले. "काल पुसायला काढला असेल. मीच विसरलो." त्यांनी हत्यारांची पेटी उपडी केली. पुन्हा भरली. पुन्हा उपडी केली.

मंडळाचा सचिव शैलेंद्र जवळ आला. "काका, लोग बैठ गए हैं. तोवर लॅपटॉपवर काही लावू का?"

काका चष्मा काढून पुसत राहिले. काकूंनी पर्स घट्ट धरली. त्यांना वाटलं होतं, बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण काकांचे हात थरथरायला लागले तेव्हा ते संपलं. पर्स उघडावी, असं वाटलं. उघडली असती तर पट्टा पुन्हा सवतीच्याच पोटात गेला असता.

"पट्ट्याशिवाय चालेल, काका," विनिता म्हणाली. "मागचं रीळ हाताने फिरवायचं."

"तू पुढे फिल्मवर नजर ठेवणार. माझा हात हा असा."

"मी फिरवते," काकू म्हणाल्या.

"हात लावू..." काकांच्या तोंडून निघालं आणि ते थांबले.

पडदे ओढले. दिवा लागला. काकूंनी रिळाच्या काठाला बोटं टेकवली. ओढलं तर फिल्म तुटणार, सोडलं तर जमिनीवर ढीग होणार. कापड असंच धरायचं असतं सुईखाली, न ओढता, न सोडता. आधी रीळ भरभर फिरवावं लागलं. फिल्म साठत गेली तसा हात संथ झाला. पडद्यावर त्यांचं लहानपण चाललं होतं: नवी क्वार्टर्स, कोरे रस्ते, गुडघ्याएवढी झाडं. लोक एकमेकांना दुकानं ओळखून दाखवत होते. काकूंनी एकदाही वर पाहिलं नाही.

दिवे लागले. जमिनीवर फिल्मचा एक वेढाही पडला नव्हता.

"हात हलका आहे तुझा," काका म्हणाले.

हेच शब्द विनिताला दुसऱ्या रविवारी मिळाले होते. काकूंना ते उष्टे वाटले. त्यांनी पर्स उघडली आणि पट्टा काकांच्या तळहातावर ठेवला.

काका पट्ट्याकडे बघत राहिले. विनिता वायर गुंडाळायला हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"कापलात," काकू म्हणाल्या.

"लांब होत होता."

"उरलेला कुठाय?"

काकांनी हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. पेटीची मूठ कधीतरी तुटली होती. तिच्या जागी चामड्याचा पट्टा बांधलेला होता. दर रविवारी टेबल पुसताना काकूंनीच तो धरून पेटी खाली ठेवली होती.

"मला वाटलं, तू नवा आणशील."

"मला वाटलं, तुम्ही आणाल."

शैलेंद्रने येऊन विचारलं, प्रोजेक्टर कुठल्या रिक्षात ठेवायचा.

"आमच्या," काकू म्हणाल्या. "विनिताला शिकायचं असेल तर तिने घरी यावं. माझ्यासमोर शिकावं."

 दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन काका नवा पट्टा घेऊन आले आणि शिलाई मशीनखाली वाकले. काकू वर उभ्या होत्या.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या. "कापडाला तेल लागतं."

काका हात धुऊन आले.

रविवारी विनिता आली. काकूंनी तिला टेबलाशी बसवलं. तेलाची कुपी तिच्याआधी उचलली. काकांनी बोट दाखवलं तिथे पहिला थेंब स्वतः सोडला आणि मग कुपी तिच्या हातात दिली. नंतर चहा झाला. विनिताचा कप तोच होता, कान तुटलेला.