सव्वासातचा फोन

"मॅडम, त्याचा फोन येऊन गेला. आणि मी दुसऱ्या खोलीत डोळे मिटून बसले होते. तुम्ही सांगितलं म्हणून."

जान्हवी (नाव बदललं आहे) माझ्या चंडीगडजवळच्या पंचकुल्यातल्या क्लिनिकमध्ये खुर्चीच्या टोकावर बसून हे म्हणाली. मी काउन्सेलर आहे. घाबरलेल्या माणसांना शांत करणं हेच माझं काम, आणि इथे घोळ मीच घातला होता.

जान्हवी सांगलीची, नवरा निखिल सैन्यात कॅप्टन. त्याची पोस्टिंग अशा ठिकाणी, जिथे कुटुंब नेता येत नाही आणि मोबाइलला रेंज नाही. सगळ्या चौकीत मिळून एक फोन, प्रत्येकाला पाच मिनिटं. पाळी कोणत्या दिवशी येईल सांगता येत नाही आणि इकडून उलटा फोन लागत नाही. ही चंडीगडला क्वार्टरमध्ये एकटी. फोन आला की भांडायची, 'तुला माझी आठवणच येत नाही' म्हणायची. तो आपला 'मी ठीक आहे, तू जेवलीस का' एवढंच. शेवटी एकदा तो म्हणाला, असंच चालणार असेल तर माझी पाळी दुसऱ्याला देत जाईन. त्या वाक्याने ती माझ्याकडे आली.

माणूस दूर असला तरी तो आपलाच आहे ही आतली खात्री, तिला आम्ही सिक्युअर अटॅचमेंट म्हणतो. ती कच्ची असली की आठवण रागाचं सोंग घेऊन बाहेर पडते. त्यावर एक उपाय माइंडफुलनेस: श्वासाकडे लक्ष देत बसायचं, मनात जे उठेल ते न हाकलता बघायचं. भावना नीट दिसली की तिचं काय करायचं हे ठरवता येतं.

मी विचारलं होतं, सगळ्यात जास्त अस्वस्थ कधी वाटतं? ती म्हणाली, संध्याकाळी सातनंतर. मग सातला वीस मिनिटं बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, असं मी सांगून टाकलं. सातनंतरच का, हे विचारलं नाही. फोन यायचा तो त्याच वेळी, सव्वासातच्या सुमारास. आणि तिनेही सांगितलं नाही. नाही म्हटलं तर समोरचा दुरावेल, या भीतीने जगणारी मुलगी मला तरी कशी नाही म्हणणार? हे मला कळायला हवं होतं.

मी तिची माफी मागितली. मग विचारलं, मिस्ड कॉल बघितल्यावर काय केलंस?

"परत जाऊन बसले. छाती भरून आली होती. दरवेळी मी याला राग समजायचे, मॅडम. तो राग नव्हता. मला तो इथे हवा होता, बस."

पुढचा फोन नऊ दिवसांनी आला. ते नऊ दिवस मलाही जड गेले. त्याने पाळी खरंच देऊन टाकली असती तर?

या वेळी ती भांडली नाही. मला तुझी फार आठवण येते, एवढंच म्हणाली. पलीकडे बराच वेळ शांतता. पाच मिनिटांतला बराच वेळ. मग तो म्हणाला, "त्या दिवशी तू उचलला नाहीस. मला वाटलं, कंटाळलीस मला. जेवण जाईना."

इतक्या महिन्यांत 'मी ठीक आहे'च्या पलीकडे त्याने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. तेवढ्यात वेळ संपली.

"आता बरं वाटतं का?" पुढच्या भेटीत तिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं.

"नाही. आता आठवण जास्तच येते," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली. भांडणं मात्र थांबली.

तेव्हापासून कुणालाही गृहपाठ देण्याआधी मी विचारते, या वेळेला कुणाचा फोन येतो का? बहुतेकांचा येत असतो. माझ्या मुलीचा परदेशातून रविवारी सकाळी अकराला येतो. त्या वेळेची अपॉइंटमेंट मी कुणालाच देत नाही.