आबांचा उपास

आबा काचेच्या कपाटापुढे कामाला बसले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. बोललं की तोंडातले जंतू बाटलीत जातात, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की दोन-दोन तास ते नुसत्या भुवयांनी बोलत. उजवी भुवई वर म्हणजे चिमटा नीट तापव. दोन्ही वर म्हणजे तू गाढव आहेस. साठलेला राग मग चहाच्या टपरीवर निघायचा, एकदम आणि अहिराणीत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पिंप्राळ्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची टिश्यू कल्चरची लॅब होती. जरबेऱ्याचा इवलासा कोंब बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा, एकाचे दहा करायचे, मुळं फुटली की रोपं नर्सरीला द्यायची. आबा धुळ्याच्या कॉलेजातून लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झालेले. मी बीएस्सी होऊन नुकतीच लागलेली, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. फैजपूरला वडील स्थळं हेरून बसले होते. नोकरी टिकली तर थांबायचं, नाहीतर बोहल्यावर चढायचं, असं घरात ठरलेलं.

दर शनिवारी आबा एसटीने धुळ्याला घरी जात. कोपरापर्यंत स्पिरिट चोळलेलं असल्यामुळे शेजारचा प्रवासी नाक मुरडून उठायचा. "बसाले ऐसपैस जागा भेटस," आबा खुशीत सांगायचे.

खाद्यात हार्मोन घालताना मात्र त्यांची गंमत बंद. बीएपीने फुटवे येतात, आयबीएने मुळं धरतात, आणि दोन्ही थेंब मोजूनच पडले पाहिजेत. एका पौर्णिमेला आबा उपोसथाचा, म्हणजे बौद्धांचा पौर्णिमेचा, उपास करायला धुळ्याला राहिले. इकडे मोठ्या ऑर्डरसाठी आमचे मालक, भाऊसाहेब, घाई करत होते. मी शहाणीने बीएपी दुप्पट घातलं.

महिन्याभरात बाटल्या कोंबांनी गच्च भरल्या. भाऊसाहेबांनी पेढे वाटले. आबांनी पेढा खिशात ठेवला आणि दोन्ही भुवया वर केल्या. पुढे ते मुळांच्या खाद्यावर ठेवले, तर एकाही रोपाला मूळ फुटेना. पानं काचेसारखी, पाणचट. मी मोरीत जाऊन रडले.

"खाई खाई फुगी गयात," टपरीवर आबा म्हणाले. "आते त्यास्ले उपास घाल."

म्हणजे हार्मोनचा एक थेंबही नसलेलं खाद्य. ते महिनाभर द्यायचं, परत एकदा तेच द्यायचं, मग मुळांचं बघायचं. तोवर ऑर्डरची तारीख उलटणार होती. भाऊसाहेबांनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आबा तसेच, हातही न पुसता, भाऊसाहेबांच्या खोलीत गेले. मी दाराशीच उभी होते.

"साहेब, ही पोरगी गेली तर एवढ्या बाटल्या कोण बदलणार? माझे हात आता थरथरतात."

ते खरं होतं. आम्ही सगळे कधीपासून बघत होतो, पण भाऊसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनी नर्सरीवाल्याकडून मुदत मागून घेतली. बरीच रोपं फेकावी लागली, पण उरलेल्यांना अडीच महिन्यांनी पांढरीशुभ्र मुळं फुटली. मला कायम केलं. त्याच आठवड्यात, हात थरथरतात म्हणून, आबांना घरी बसवलं. मला अजून त्याची लाज वाटते. निघताना ते फक्त म्हणाले, "पोरी, घाई करू नको."

पुढे ते धुळ्यातच वारले. मला कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

आज लॅब मी सांभाळते. फडताळात बीएपीच्या बाटल्या आहेत, आयबीएच्या आहेत, आणि बिनहार्मोनच्या खाद्याच्या बाटल्यांवर मी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावते: 'आबा'. नव्याने लागलेली प्रत्येक मुलगी विचारते, "मॅडम, हे कुठलं हार्मोन?"

काचेच्या कपाटापुढे असले तर मी बोलत नाही. नुसत्या भुवया वर करते.